चौथीनंतरचा उंबरठा

विदर्भातील दोन विद्यापीठे आज दोन संतांच्या नावाने ओळखली जातात. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला संत गाडगे बाबांचे नाव आहे, तर १९२३ सालच्या नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. दोघेही अमरावती जिल्ह्याचे. गाडगे बाबांचा जन्म शेंडगावचा, तुकडोजींचा यावलीचा. आणि या दोघांपैकी एकानेही हायस्कुलाची पायरी चढलेली नव्हती. गाडगे बाबांचे बालपण दापुऱ्याला मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले. तुकडोजींची शाळा प्राथमिक वर्गांतच सुटली. ज्यांची नावे पदवीच्या कागदावर छापली जातात ते स्वतः प्राथमिक शिक्षणाच्या अलीकडेच थांबले, या गोष्टीचा आपण कौतुकाने उल्लेख करतो. 'अनुभवाच्या शाळेत शिकलेले' असे म्हणून मोकळे होतो. परंतु ते थांबले कुठे आणि त्यांच्या पिढीतील बहुसंख्य वऱ्हाडी मुले नेमकी तेथेच का थांबली, हा प्रश्न कौतुकाच्या भरात राहून जातो. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

प्रश्नाला निमित्त अगदी आजचे आहे. अमरावती-अकोल्याच्या हमरस्त्यांवर अलीकडे 'इंटरनॅशनल' हा शब्द मिरवणाऱ्या शाळांचे फलक दिसतात. त्या शब्दाचा अर्थ प्रत्येक फलकावर सारखाच असतो असे नाही. पण मुळात ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांवरून तो आला, त्यांत शिक्षणाचे टप्पे फार विचारपूर्वक आखलेले आहेत. १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेच्या रचनेत साधारण बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक कार्यक्रम आणि तेथून सोळाव्या वर्षापर्यंत माध्यमिक कार्यक्रम असतो. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना मूल गोंधळू नये, म्हणून अशा शाळा आधी वर्ग दाखवतात, नव्या शिक्षकांची ओळख करून देतात, पालकांची सभा घेतात. हे सारे स्वागतार्हच आहे. मात्र या स्थित्यंतरात मुलाला ओलांडावे लागते ते फक्त एक आवार. घर तेच, गाव तेच, शाळेची भाषाही पहिल्या दिवसापासून तीच. वऱ्हाडात सव्वाशे वर्षांपूर्वी चौथीतून पुढे जाणाऱ्या मुलाला काय काय ओलांडावे लागत असे, हे यासोबत ठेवून पाहिले म्हणजे 'प्राथमिकातून माध्यमिकाकडे' या निरुपद्रवी वाटणाऱ्या शब्दांत केवढा इतिहास दडलेला आहे, ते ध्यानात येते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. प्रदेश निजामाचा, कारभार इंग्रजांचा आणि भाषा मराठी अशी ही चमत्कारिक व्यवस्था होती. सरकारी कागदोपत्री तिचे नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उभे राहिले. वऱ्हाडात ते यायला १८६६ साल उजाडावे लागले. हा काळ नीट लक्षात घेतला पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला अभूतपूर्व भाव आला होता. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचली. कापूस, रेल्वे, कचेरी आणि शाळा ही चारही एकाच दशकात वऱ्हाडात स्थिरावली. त्यांच्या जागाही एकमेकींना धरूनच ठरल्या. जेथे कापसाचा बाजार तेथे स्टेशन, जेथे स्टेशन तेथे कचेरी आणि जेथे कचेरी तेथे इंग्रजी शिकवणारी शाळा. सरकारी हायस्कुले दीर्घकाळ दोनच होती, एक अमरावतीला आणि एक अकोल्याला.

शिडीची रचना अशी होती. पायथ्याशी गावातली मराठी प्राथमिक शाळा. बऱ्याच गावी तीही पूर्ण चार इयत्तांची नसे. तिच्यावर तालुक्याच्या किंवा बाजारपेठेच्या गावी 'ए. व्ही. स्कूल', म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा, जेथे इंग्रजीची सुरुवात होई. त्याच्याही वर जिल्ह्याच्या ठिकाणचे हायस्कूल आणि त्याच्या अखेरीस मॅट्रिक. मॅट्रिक झाल्यावर वऱ्हाडात पुढची पायरीच नव्हती. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले ते १९२३ साली. तोपर्यंत शिकू पाहणाऱ्याने मुंबई-पुण्याची वा नागपूरची वाट धरायची. दादासाहेब खापर्डे नागपूर आणि अमरावती येथे शिकून १८७२ साली मॅट्रिक झाले आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

चौथीच्या अखेरीस दोन वाटा फुटत. एक मराठीतच पुढे जाणारी. सातवीपर्यंत शिकून, 'व्हर्नाक्युलर फायनल' होऊन प्राथमिक शिक्षक किंवा कचेरीतला लहानसा कारकून व्हायचे, ही तिची मर्यादा. दुसरी वाट इंग्रजीची. तिच्या टोकाला वकिली होती, मामलत होती, डॉक्टरी होती. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे उभे आयुष्य त्या फाट्यावर ठरत असे आणि तो निर्णय मुलाच्या बुद्धीवर क्वचितच अवलंबून असे. शाळा कोणत्या गावी आहे आणि त्या गावी त्याला दोन वेळा जेवू घालणारे कोणी आहे काय, यावर तो ठरे. ज्यांचे आप्त कचेरीच्या गावी नोकरीला होते, त्यांच्या मुलांना छप्पर मिळे. कुणब्याच्या, माळ्याच्या, तेल्याच्या मुलाचे शहरात कोणी नसे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाच्या बाबतीत तर गावच्या शाळेत ओसरीवर बसण्यापासूनच लढा होता. प्राथमिक शाळा खेड्यात आणि हायस्कूल शहरात, ही नुसती प्रशासकीय सोय नव्हती. सामाजिक चाळणीचेच काम ती करत होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी नेमके याच विसंगतीवर बोट ठेवले होते. महसूल शेतकऱ्याचा आणि त्यातून उभे राहिलेले उच्च शिक्षण मूठभरांचे. फुल्यांचे अनुभव पुणे परिसरातले होते, परंतु त्यांचे गणित वऱ्हाडच्या काळ्या मातीत अधिकच खरे ठरत होते. कारण येथला महसूल मुख्यतः कापसाच्या जमिनीतून येत होता.

आता या शिडीच्या वरच्या पायरीवर काय घडत होते ते पाहू. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा भाग विशेष ओळखीचा वाटेल. अकोल्याच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक विष्णु मोरेश्वर महाजनी हे शेक्सपिअरचे मराठी रूपांतरकार. 'सिंबेलिन'वरून त्यांनी केलेले 'तारा' हे नाटक १८७९ चे. १९०७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. पुढे नाटककार व विनोदकार म्हणून गाजलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर अकोल्याच्याच हायस्कुलात शिकले आणि १८८८ साली मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. महाराष्ट्रगीत लिहिणारा हा कवी राजकीय नकाशाप्रमाणे महाराष्ट्राबाहेरच्या मुलखात वाढला होता, ही गंमत विसरू नये. १९१२ साली साहित्य संमेलन अकोल्याला भरले, हरिभाऊ आपटे अध्यक्ष होते. त्या वेळी अकोला मराठी साहित्याच्या नकाशावर आले होते, ते बव्हंशी हायस्कूल आणि त्याभोवती जमलेला वकील-शिक्षकवर्ग यांच्यामुळे. हायस्कुलांनी वऱ्हाडला मराठीच्या मुख्य प्रवाहाशी जोडले, हे श्रेय निर्विवाद आहे.

पण त्या जोडणीची किंमत काय, हेही विचारले पाहिजे. गावच्या शाळेतील मूल 'मले', 'तुले' म्हणत येई. 'मी जाऊन राह्यलो' म्हणे. त्याच्या तोंडी 'ळ'चा 'य' होई. डोळा 'डोया', केळं 'केयं' आणि शाळा 'शाया'. गावातला मास्तर बहुधा त्याच परिसरातला असल्याने वर्गात वऱ्हाडी चालून जाई. ए. व्ही. शाळेत आणि हायस्कुलात मात्र पुस्तकाची मराठी होती, पुण्याकडच्या वळणाची. शिक्षकांतही घाटावरून, कोकणातून आलेले पुष्कळ. म्हणजे मुलाला एका वेळी दोन भाषा नव्याने शिकायच्या होत्या. एक इंग्रजी, जी परकी असल्याचे सर्वांना मान्य होते. दुसरी प्रमाण मराठी, जी त्याची स्वतःचीच भाषा आहे असे त्याला सांगितले जात होते. इंग्रजी चुकली तर मूल अज्ञानी ठरे. मराठी चुकली तर गावंढळ ठरे. या दोन शिक्षांत फार अंतर आहे. पहिलीत माहितीची उणीव दाखवली जाते, दुसरीत आईच्या बोलण्याची लाज वाटायला शिकवली जाते. आपण 'शाये'तून 'शाळे'त आलो, हे ज्या मुलाला कळले, त्याने उंबरठा ओलांडला. मात्र घरी परतल्यावर 'शाळा' म्हणायचे की 'शाया', हा पेच त्याच्याबरोबर आयुष्यभर राहिला.

आणि हे घडत होते कोणत्या भूमीत? रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आपण ज्याचा अभ्यास करतो तो म्हाइंभटांचा 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात तेथेच सिद्ध झाला. ज्या मातीत मराठी गद्य प्रथम लिहिले गेले, तेथल्या मुलाला एकोणिसाव्या शतकात 'तुझी मराठी शुद्ध नाही' असे सांगितले गेले. येथे प्रमाणभाषेची निंदा करण्याचा हेतू नाही. प्रमाणभाषेवाचून ना वृत्तपत्र चालले असते ना न्यायालय. मुद्दा एवढाच की प्रमाणभाषा शिकवताना बोली पुसण्याची गरज नव्हती. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली, तेव्हा वऱ्हाडीतून केवढे दुःख आणि केवढे सामर्थ्य व्यक्त होऊ शकते, ते मराठी वाचकाला उमगले. शिक्षणखाते आणि 'धग' यांच्यामध्ये जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. आपल्या बोलीत साहित्य होऊ शकते, असा विश्वास परत मिळवायला एवढा काळ लागला, असेही त्याकडे पाहता येईल.

शिडी चढलेल्या एका मुलाचा प्रवास तपशिलाने पाहण्याजोगा आहे. २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी पंजाबराव देशमुखांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे. प्राथमिक शिक्षणाचा आरंभ पापळला, नंतर चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल. ही गावे नकाशावर जोडून पाहावीत. एक रेल्वेचे स्टेशन, एक कापसाची बाजारपेठ आणि एक जिल्ह्याचे ठिकाण. शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्याला गाव बदलावे लागले. हायस्कुलानंतर पुण्याचे फर्ग्युसन आणि १९२० मध्ये थेट इंग्लंड. तेथे बॅरिस्टरी आणि वैदिक वाङ्मयातील धर्मकल्पनांवर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट. १९२६ साली ते परतले.

परतल्यावर त्यांनी काय केले, यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. वकिली सुरू केली, अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९२७ च्या सत्याग्रहात पुढाकार घेतला आणि त्याच सुमारास अमरावतीत बहुजनांच्या मुलांसाठी हायस्कूल आणि श्रद्धानंद छात्रालय उभे केले. या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत. पुढे १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने हे कार्य विस्तारले आणि वऱ्हाडभर तिच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे पसरले. वसतिगृह हे येथे शाळेचे शेपूट म्हणून आलेले नाही. चौथीनंतरच्या उंबरठ्यावर मूल अडते ते धड्यापाशी नव्हे, भाकरीपाशी आणि रात्रीच्या निवाऱ्यापाशी, हे ज्याने चार गावे बदलून शिक्षण घेतले त्याला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांच्याही कार्याचा कणा वसतिगृह हाच होता. दोन दूरच्या प्रदेशांत, एकाच दशकाच्या अंतराने, दोघे जण एकाच निष्कर्षाला आले, कारण अडचण एकच होती.

गाडगे बाबांचेही येथे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. स्वतः निरक्षर राहिलेला हा माणूस कीर्तनातून लोकांना विचारी की पोरं शाळेत घातली का. जेवणाचे ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शिकवा, हा त्यांचा उपदेश घरोघरी पोचला. पंजाबरावांनी शहरात निवारा उभा केला, बाबांनी गावात शिक्षणाची इच्छा जागवली. इच्छा नसती तर निवारा रिकामा राहिला असता आणि निवारा नसता तर इच्छा वाया गेली असती. १९६९ साली अकोल्याला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला पंजाबरावांचे नाव मिळाले. म्हणजे विदर्भातल्या तीन विद्यापीठांच्या नावांत एक माणूस तो उंबरठा ओलांडलेला आणि दोघे अलीकडे राहिलेले. त्या काळच्या वऱ्हाडचे प्रत्यक्ष प्रमाण पाहिले तर ओलांडणाऱ्यांचा वाटा याहून कितीतरी कमी भरेल.

आतापर्यंत 'मूल' हा शब्द वापरला, पण तो बहुधा मुलग्यापुरताच होता. मुलींपुढे उंबरठाच नव्हता, कारण वाट तिथवर जातच नव्हती. हंटर आयोगाच्याच वर्षी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध झाले. मराठी स्त्रीवादी विचाराचा तो आद्य निबंध एका वऱ्हाडी स्त्रीने लिहिला. तिचे शिक्षण कोणत्या हायस्कुलात झाले असे विचारले तर उत्तर 'घरी, वडिलांपाशी' असे आहे. ज्यांचे वडील बापूजी हरि शिंद्यांसारखे नव्हते, त्या मुलींनी काय लिहिले असते, हे आपल्याला कधीच कळणार नाही. पुढे १९०४ साली अमरावतीत जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे पुण्याच्या फर्ग्युसनमधून लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजपर्यंत गेल्या. पण ताराबाईंपासून कुसुमावतींपर्यंतचा काळ ओलांडताना कुटुंबाची ऐपत आणि मोकळे मन या दोन गोष्टी एकाच घरात असाव्या लागल्या. व्यवस्थेने ही जबाबदारी फार उशिरा उचलली.

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. चार वर्षे प्राथमिक, चार वर्षे मिडल, तीन वर्षे हायस्कूल ही मध्यप्रांताची जुनी घडी हळूहळू मोडली. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि अकरावीचे मॅट्रिक इतिहासजमा झाले. जुन्या पिढीच्या तोंडी 'मिडल स्कूल' हा शब्द तेवढा उरला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते आठवी हा एकच सलग टप्पा मानला. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्याचे नियम सांगतात. किलोमीटरचे हे आकडे कोरडे दिसतात, पण पापळ ते चांदूर, चांदूर ते कारंजा, कारंजा ते अमरावती हा प्रवास आठवून ते वाचावेत. दीडशे वर्षांच्या अनुभवाचे सार त्या दोन अंकांत आलेले आहे. राज्याने जिल्हा परिषदेच्या काही शाळांसाठी २०१८ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळही काढले आणि २०२० साली ते गुंडाळले. मंडळ आले नि गेले. खेड्यातील मुलाने पाचवीत, आठवीत, नववीत कुठे जायचे, हा प्रश्न त्याच्या आधीही होता आणि नंतरही राहिला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने टप्प्यांची पुन्हा नवी मांडणी केली आहे. कागदावर टप्पे बदलले की उंबरठे नाहीसे होतात, असा आपल्याकडे एक समज आहे. वऱ्हाडचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

इतिहास सांगतो ते वेगळेच. मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाते तेव्हा अभ्यासक्रम ही त्याची सर्वांत लहान अडचण असते. अंतर, अन्न, सोबत आणि भाषा या चार गोष्टी आधी येतात. चांगल्या आंतरराष्ट्रीय शाळा आपल्या विद्यार्थ्यांसाठी या स्थित्यंतराची काळजी घेतात. त्यातून शिकण्यासारखे आहेच. फक्त ती कल्पना परदेशातून आली असे समजू नये. अमरावतीच्या छात्रालयात तिचे वऱ्हाडी रूप केव्हाच सिद्ध झालेले होते.

आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांच्यापुढे दरवर्षी जून-जुलैत पाचवीचा किंवा आठवीचा नवा वर्ग येतो. त्यात एखादे मूल उभे राहून 'सर, मले समजलं नाही' असे म्हणते. त्या क्षणी काही मुले हसतात. आपण त्याचा 'मले' दुरुस्त करायचा की त्याला काय समजले नाही ते आधी विचारायचे, यावर ते मूल पुढच्या वेळी हात वर करील की नाही ते ठरते. आज रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. तेथपर्यंत पोचणाऱ्या वाटेवर हा वर्गही लागतो.